एका कुंडीला दोघींचं पाणी

प्रश्न : गेल्या दिवाळीत आम्ही मंगळवार पेठेतलं जुनं घर सोडून फुलेवाडीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिकडे परसात जास्वंद, मोगरा, कडीपत्ता सगळं जमिनीत होतं, कधी मुद्दाम काही बघावं लागलं नाही. इथं वीस-बावीस कुंड्या आहेत, काही हॉलमध्ये, काही गॅलरीत. मी रोज सकाळी प्रत्येकीला एकेक तांब्या पाणी घालते. सासूबाईंनाही झाडांची फार आवड, पूजा झाली की त्याही तुळशीला आणि आजूबाजूच्या कुंड्यांना घालतात. तरी मनीप्लांट पिवळा पडलाय, स्नेक प्लांट बुडातून मऊ होऊन आडवं झालं, तुळस तर दुसऱ्यांदा गेली. हॉलमधल्या कुंड्यांवर बारीक चिलटं उडतात. सासूबाई म्हणतात पाणी कमी पडतंय, नर्सरीवाले म्हणाले आठवड्यातून दोनदाच घाला, आमचे हे म्हणतात ठिबक बसवून टाकू. त्यात गौरी-गणपतीला आठवडाभर गावी जायचंय. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, दुखणं कुठं आहे ते तुम्हीच लिहिलंय, फक्त ओघात लिहून पुढं गेलात. “त्याही घालतात.” म्हणजे भर आषाढात, चार-चार दिवस ऊन दिसत नाही अशा हवेत, त्याच कुंड्यांना एका सकाळी दोनदा पाणी जातंय. तुमची झाडं तहानेनं गेलेली नाहीत, बुडून गेली आहेत. सासूबाईंना हे कसं सांगायचं ते पुढं बघू; ते काम मातीपेक्षा नाजूक आहे.

परसातल्या झाडांचं कधी बघावं लागलं नाही याचं कारण जमीन होती. जास्त झालेलं पाणी खाली निघून जायचं आणि मुळं त्याच्या मागोमाग खोल जायची. कुंडीला तळ असतो. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असावी लागते, कारण मुळंही श्वास घेतात. सगळ्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती दुबळी होतात आणि मातीतले पिथियम, फायटोप्थोरासारखे मुळं कुजवणारे रोग त्यांच्यावर बसतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग भिजलेल्या मातीत उभं असलेलं झाड तहानलेल्यासारखं मान टाकतं, ते बघून घरातलं कुणीतरी कळवळून आणखी एक तांब्या ओततं, आणि उरलीसुरली मुळंही जातात. सासूबाईंना पाणी कमी पडतंय असं वाटलं यात त्यांचं काही चुकलेलं नाही. वरून बघणाऱ्याला दोन्ही दुखणी सारखीच दिसतात.

फरक खाली, मातीत कळतो. पान मलूल आणि माती कोरडी, तर तहान. पान मलूल आणि माती ओली, तर मुळांचं दुखणं. पाणी जास्त झालं की बहुतेक वेळा खालची पानं आधी पिवळी पडतात आणि हाताला मऊ लागतात, मातीला डबक्यासारखा वास येतो. पाणी कमी पडलं की कडा तपकिरी होऊन चुरचुरीत वाळतात. वाळलेल्या कडांचं आणखी एक कारण क्षार हेही असतं, त्याचं पुढं सांगतो.

म्हणून पहिलं काम एवढंच करा. पाणी घालायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. नखं जपायची असतील तर आइसक्रीमची लाकडी काडी खोचून दहा मिनिटांनी काढा. ती ओलसर आणि माती चिकटलेली निघाली तर आत ओल आहे. हलक्या कुंड्या उचलून बघायची सवय लावा. पाणी घातल्यावर लगेच एकदा आणि चार दिवसांनी एकदा उचललीत की वजनाचा अंदाज हाताला आपोआप बसतो, मग बोटही घालावं लागत नाही. जुलैत आपण कोल्हापूरकर सकाळी उठल्याबरोबर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो, ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी लहान पोरांनाही पाठ असते. पाऊस किती वाजता पडला याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, पाणी आत्ता कुठं आहे ते हवं असतं. कुंडीला तोच प्रश्न विचारायचा. बाजारात मिळणारे स्वस्तातले ओलावा मापायचे काटे मात्र घेऊ नका. त्यातले बरेचसे ओलाव्यापेक्षा मातीतून वीज किती वाहते तेवढंच मोजतात, आणि खताच्या मातीत हवं ते आकडे दाखवतात.

आता तांब्या. रोज तांब्या-तांब्या घालण्यात मोठी गोची अशी की तो कुठल्याच कुंडीला बरोबर मापाचा नाही. हॉलमधल्या लहान कुंडीला रोज तांब्याभर म्हणजे पूर. गॅलरीतल्या मोठ्या जास्वंदीला मे महिन्यात तेवढंच पाणी म्हणजे वरची दोन बोटं माती ओली आणि खाली धूळ. मुळं मग वरच्याच थरात घोटाळत राहतात आणि एक दुपार कडक गेली की झाड कोमेजतं. पाणी घालायचं तेव्हा झारीनं, सगळीकडून, सावकाश, खालच्या भोकातून निथळेपर्यंत घालायचं. आठ इंची कुंडीला साधारण लिटरभर लागतं. आणि मग पुन्हा बोट सांगेपर्यंत हात आवरायचा. भरपूर, पण क्वचित.

क्वचित म्हणजे किती, ते झाडावर, कुंडीवर आणि हवेवर आहे. इथं नर्सरीवाले अर्धे बरोबर. “लई पाणी नगा घालू” हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. ‘आठवड्यातून दोनदा’ हे गिऱ्हाईकाला लक्षात राहावं म्हणून. स्नेक प्लांट, झेडझेड, कोरफड, अडेनियम ही मंडळी पानांत, खोडात किंवा मुळांशी पाणी साठवून बसतात. त्यांची माती तळापर्यंत वाळू द्या. पावसाळ्यात हॉलमधल्या स्नेक प्लांटला तीन-तीन आठवडे पाणी नाही घातलं तरी त्याचं काही बिघडत नाही. मनीप्लांट, अग्लोनेमा, फिलोडेंड्रॉन यांना वरची दोन इंच माती वाळल्यावर. फर्नला मात्र सतत ओलसर लागतं, आणि पीस लिली तर स्वतःच सगळी पानं लोळवून सांगते. पाणी मिळालं की काही तासांत ताठ. ऊन खाणारी गॅलरीतली झाडं उन्हाळ्यात रोज मागतील, लहान कुंडीत असतील तर एप्रिल-मेमध्ये दोनदासुद्धा. तिथं सासूबाईंचं बरोबर.

गॅलरीबद्दल एक फसगत सांगतो. बाहेर धो-धो पाऊस आहे म्हणून गॅलरीतल्या कुंड्या भिजल्या असतील असं धरून चालू नका. वरच्या मजल्याच्या गॅलरीचं छत आणि झाडाची स्वतःची रुंद पानं पावसाला कुंडीबाहेर वळवतात. ग्रिललगतची कुंडी चिंब आणि भिंतीलगतची ठणठणीत कोरडी, असं एकाच गॅलरीत होतं. पावसाळ्यातही बोट घाला.

माती कुठली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण जुन्या घराच्या परसातली पोती भरून आणली असणार असा माझा अंदाज आहे. बहुतेक जण आणतात, आणि त्यात माया असते हेही मान्य. ती काळी असेल तर नुसती कुंडीत भरू नका. काळी माती ओली झाली की फुगते, चिकट होते, हवा धरत नाही. वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेनं भेग पडते. मग वरून ओतलेलं पाणी त्या भेगेतून सरळ बशीत उतरतं आणि आतला गोळा कोरडाच. उसाला ती सोनं आहे, आठ इंची कुंडीत नाही. पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती दोन भाग, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा जाड वाळू, एवढं घरगुती कुंड्यांना पुरतं. अडेनियम आणि कोरफडीला वाळू आणखी वाढवा. कोकोपीटचा एक स्वभाव असा की ते पूर्ण वाळलं तर पाणी पटकन घेत नाही, वरून घसरवून लावतं. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बसवा, खालून ओढून घेईल, मग बाहेर काढून निथळू द्या.

हॉलमधल्या कुंड्या सिरॅमिकच्या, बिनभोकाच्या आहेत का तेही बघा. दिसायला त्या देखण्या, पण झाडाचा जीव घ्यायला तेवढ्याच पटाईत. झाड भोकाच्या साध्या प्लास्टिक कुंडीत ठेवा आणि ती देखणीच्या आत ठेवा. पाणी घालायचं तेव्हा बाहेर काढून मोरीत घालायचं, निथळलं की परत आत. तळाशी खडी-विटांचे तुकडे घातले की भोक नसलं तरी चालतं, हा समज आपल्याकडे घरोघर आहे. तो खोटा आहे, आणि भोक असलं तरी खडीचा फायदा नाही. बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते वरच अडकून राहतं. खडीनं निचरा होत नाही, उलट ओला थर मुळांच्या जवळ सरकतो आणि मातीची जागा कमी होते. भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. बस्स.

जमलं तर तुळशीला आणि गॅलरीतल्या थोड्या झाडांना मातीची कुंडी घ्या. गंगावेशीच्या बाजूला कुंभार गल्लीत जाऊन बघा, गणपतीच्या दिवसांत तिथं कुंड्यांकडे कुणाचं लक्ष नसतं एवढंच. भाजलेली माती चारी बाजूंनी ओल बाहेर टाकते, त्यामुळं जास्त पाणी घालणाऱ्या घराला ती सोसते. प्लास्टिकची कुंडी तेवढंच पाणी कितीतरी जास्त दिवस धरून ठेवते. आणि लहान झाडाला “वाढेल पुढं” म्हणून घमेल्याएवढी कुंडी देऊ नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहून आंबते.

चिलटांचं औषध औषधाच्या दुकानात शोधू नका. ती वरच्या ओल्या, खतट मातीत अंडी घालतात. वरचे दीड-दोन इंच नीट वाळू दिलेत की पुढची पिढी होत नाही. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद लावा. ती चावत नाहीत. चावणाऱ्याचं गाव कुंडीखालची बशी. डेंग्यूचा एडिस डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून उडता डास तयार होतो. आरोग्य खात्याची माणसं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात ते याच्यासाठी. पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं बशा ओतून टाका, आणि आठवड्यातून एकदा घासून पुसा, कारण अंडी कडेला चिकटून कोरडीसुद्धा तग धरतात. मनीप्लांटची बाटली खिडकीत ठेवली असेल तर तिचंही पाणी आठवड्याला बदला.

गेलेल्या झाडांतलं काय वाचेल? मनीप्लांट कुंडीतून अलगद काढून मुळं बघा. पांढरट, टणक ती जिवंत. तपकिरी, बुळबुळीत, ओढल्यावर साल हातात येणारी ती मेलेली; स्वच्छ कात्रीनं कापून टाका. उरलेलं नव्या, जेमतेम ओलसर मिश्रणात, आधीपेक्षा लहान कुंडीत लावा आणि उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. खत अजिबात नाही. आजारी माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही. मनीप्लांटच्या दोन-तीन फांद्या पेरासकट पाण्यात ठेवून द्या, पावसाळ्यात त्या पटकन मुळं धरतात. स्नेक प्लांटचं बूड गेलं असलं तरी वरचं टणक पान तीन-चार इंचांचे तुकडे करून दोन-तीन दिवस वाळवा आणि वाळूत खोचा. खालची बाजू खालीच राहू द्या, उलटा खोचलेला तुकडा मुळं धरत नाही. अंकुर यायला महिने लागतात. पिवळ्या काठाची जात असेल तर पानाच्या तुकड्यापासून येणारं पिल्लू साधं हिरवं निघतं, तेव्हा नर्सरीवाल्याशी भांडायला जाऊ नका.

पाणी कुठलं, याचा फार बाऊ नको. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं कुंडीतली झाडं मरत नाहीत. रात्रभर बादलीत ठेवून घातलंत तर उत्तमच. सोसायटीचं बोअरचं पाणी जड असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसेल. शिरोळ तालुक्यात उसाला पाणी पाजून-पाजून जी जमीन क्षारपड झाली तिथं हेच घडलं: पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, निचरा नसेल तर साठत जातात. तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून क्षार धुवून काढावे लागतात. तुम्हाला महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून दुप्पट पाणी वाहू दिलं की पुरे. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी याच कारणानं कुंड्यांना घालू नका, ते फरशीला. एसीचं पाणी चालतं. पावसाचं तर सर्वात चांगलं, गॅलरीत बादली ठेवा आणि त्याच दिवशी वापरून टाका. तांदूळ धुतलेलं पाणी मधूनअधून गॅलरीतल्या झाडांना घाला, हॉलमध्ये नको, वास आणि चिलटं दोन्ही येतात. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं, ते सकाळी घाला. पानांवर फवारा मारून दमटपणा वाढतो हा समज सोडा. फवारा धूळ धुवायला ठीक.

ठिबक हवं तर फक्त गॅलरीतल्या ऊन लागणाऱ्या कुंड्यांना, तेही फेब्रुवारीपासून पुढं. हॉलमध्ये त्याचा टायमर तुमच्या तांब्यासारखाच वागेल, मातीकडं न बघता.

आता सासूबाई. मंगळवार पेठेतलं अंगण सोडून त्या तिसऱ्या मजल्यावर आल्या आहेत. पूजेनंतर झाडांना पाणी घालणं हा त्यांच्या सकाळचा भाग आहे, आणि “तुम्ही घालू नका” म्हणून तो काढून घेणं मला तरी बरं दिसत नाही. कुंड्या वाटून घ्या. तुळस आणि गॅलरीतली सगळी फुलझाडं त्यांची, हॉल तुमचा. एकीच्या कुंडीला दुसरीनं हात लावायचा नाही, कितीही केविलवाणी दिसली तरी. त्यांच्या वाट्याला जी झाडं येतात तीच पाणी जास्त मागणारी आहेत, तेव्हा त्यांचा हात सैल असला तरी बाधत नाही. आणि जास्वंद-मोगऱ्याची त्यांची नजर तुमच्यापेक्षा तयार असणार. परसातली झाडं कुणी सांभाळली होती ते विचारून बघा.

तुळशीचा प्रश्न राहतो, कारण तिला रोज पाणी घालणं हे झाडासाठी कमी आणि मनासाठी जास्त असतं. ते बंद करायची गरज नाही. पावसाळ्यात आणि थंडीत तांब्याऐवजी पंचपात्रातलं पळीभर पाणी घालायला सांगा, पूजेत तेवढं चालतंच. पूर्ण पाणी बोट सांगेल तेव्हा. तिसरी तुळस आणाल ती मातीच्या कुंडीत, वाळू मिसळून, दिवसातलं चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी ठेवा. आधीच्या दोन्ही तुळशी गेल्या त्यात उजेडाची कमतरताही असावी असा मला दाट संशय आहे. देवघराशेजारच्या कोपऱ्यात तुळस तगत नाही. मंजिऱ्या येतील तशा खुडत जा, नाहीतर झाड बी धरून लवकर म्हातारं होतं.

गौरी-गणपतीला जाताना फार तयारी लागणार नाही. भाद्रपदात हवा दमट असते. हॉलमधल्या बहुतेक कुंड्या आठवडाभर सहज थांबतात. निघायच्या आदल्या दिवशी ज्यांची माती वाळली असेल त्यांनाच पोटभर पाणी घाला, निथळू द्या, सगळ्या बशा रिकाम्या करून पालथ्या ठेवा. गॅलरीत पाऊस पोचत नाही अशा कुंड्या एकमेकींना खेटून सावलीत ठेवा. फर्न आणि पीस लिलीसाठी बादलीभर पाणी थोडं उंचावर ठेवून त्यातून जाड सुती दोरी कुंडीच्या मातीत चार बोटं खोल खोचा, दोरी आधी भिजवून घ्या म्हणजे पाणी ओढायला लागेल. बादलीवर फडकं घट्ट बांधा, डासांसाठी. शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर त्यांना फक्त तुळस दाखवून ठेवा, आणि स्नेक प्लांट, झेडझेड आतल्या खोलीत खिडकीशी सरकवून दार ओढून घ्या, म्हणजे त्यांनाही कळवळा यायला नको.